सात नंबरच्या संचाचे एकसष्ट तास

सोमवार, २

शाळेनं 'केंद्राची दैनंदिनी' म्हणून एक जाड वही दिली आहे. ती मी सभ्य लिहीन. ही मात्र माझी स्वतःची, एकोणतिसावी. लग्न झाल्यापासून दर वर्षाला एक वही होते, आणि खरं काय ते हिच्यातच लिहायचं असा माझा नेम आहे.

तर खरं असं, की मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आज माझा बळी दिला. वरच्या कार्यालयाकडून वाचन-संचांचे वीस खोके आले आणि मी 'सुलभ वाचन केंद्रा'ची प्रमुख झाले. संच म्हणजे पाटीएवढं यंत्र, वर मान वाकवलेला कॅमेरा. खाली पान ठेवलं की मोठ्यानं वाचून दाखवतं. 'थांब' म्हटलं की थांबतं, 'पुन्हा' म्हटलं की पुन्हा वाचतं. ज्या मुलांना अक्षरं लागत नाहीत, नीट दिसत नाहीत, त्यांच्यासाठी.

सोबतच्या पत्रात अट आहे. महिनाभरात वीस संचांवर मिळून पाचशे तास वाचन झालं पाहिजे. तीस तारखेला तपासणी. नाही भरले तास, तर सगळे संच दुसऱ्या शाळेला.

आता गंमत ऐका. आमच्या शाळेत अशी मुलं किती? कागदावर एक! कारण गेल्या वर्षी मोठ्या बाईंनी 'शंभर टक्के वाचक शाळा' असं लिहून दिलं आणि तसा फलक फाटकावर लावला. जी एक उरली, ती त्या दिवशी तापानं घरी होती म्हणून यादीतून सुटली. ती आमची वकीलबाई.

"मोठ्या बाई, सहावीत निदान सहाजण तरी अडखळतात," मी म्हटलं.

"अडखळतात ना? म्हणजे वाचतात," त्या म्हणाल्या.

बाईंचं कपाळ मोठं आहे, पण आत भाडेकरू नाही.

मंगळवार, ३

वकीलबाई माझ्या सातवीच्या वर्गात आहे, दुसऱ्यांदा. तोंडानं विचारा, कुठल्याही धड्याची उलटतपासणी घेईल, म्हणून ते नाव. पुस्तक पुढे ठेवलं की गप्प. सातवीत दोनदा नापास झालेल्याला शाळेत ठेवत नाहीत. तिचा बाप ट्रक चालवतो. त्यानं सांगूनच टाकलंय, या वेळी गेली तर मावशीकडे पाठवणार, तिची जुळी सांभाळायला. परीक्षा पुढच्या महिन्याच्या चार तारखेला. संच शाळेत राहिला तर तिला प्रश्न ऐकून तोंडी उत्तरं सांगायची परवानगी मिळाली आहे. संच गेले की परवानगीही गेली.

आज पहिल्यांदा तिच्यापुढे संच ठेवला. त्यानं धडा वाचला. ती 'पुन्हा' म्हणाली. त्यानं पुन्हा वाचला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हा कंटाळत नाही!"

मला उगाच बोचलं. मीही कंटाळत नाही. फार तर आवाज चढतो.

गुरुवार, ५

शाळेत चालू प्लग एकच, आणि तो मोठ्या बाईंच्या किटलीचा. म्हणून प्रत्येक शिक्षकानं एकदोन संच घरी नेऊन चार्ज करायचे ठरलं. मी सात नंबर घरी ठेवलाय.

संच सुवाच्य हस्ताक्षरही वाचतो म्हणे. आम्ही सगळ्यांनी वह्या पुढे केल्या. विज्ञानाच्या सरांच्या अक्षराला यंत्र 'चित्र आहे' म्हणालं. माझं मात्र खडाखडा वाचलं, स्वल्पविरामासकट. छापल्यासारखं अक्षर आहे म्हणतात ते उगाच नाही.

घरी ह्यांनाही दाखवलं. हे, म्हणजे माझे यजमान. मागच्या खोलीत ह्यांचा सुतारकामाचा कारखाना आहे. हातात कला आहे, पण वाचनाचं अंग अजिबात नाही. सकाळी पेपर मी वाचायचा, ह्यांनी चहा पीत ऐकायचा. लग्नपत्रिका आली की "कुणाचं गं?" हॉटेलात गेलो की "तू मागवशील ते मला." चष्मा तर बिचारा सदानकदा हरवलेला. सगळी कामं बायकोवर ढकलायची सवय, दुसरं काय!

यंत्रानं पेपरातली बातमी वाचली तशी ह्यांनी करवत खाली ठेवली. "पुन्हा म्हटलं की पुन्हा वाचतं?"

"हो."

"कितीही वेळा? चिडत नाही?"

"यंत्र कशाला चिडेल?" मी म्हटलं. "आणि हात लावू नका, सरकारी आहे."

हे नुसतं "हं" म्हणाले.

सोमवार, ९

चार दिवसांचा हिशेब कळला. अकरा तास! शिवणाच्या बाईंनी धूळ बसू नये म्हणून सगळ्या संचांना सुंदर फुलाफुलांचे अभ्रे शिवले, आणि ते कॅमेऱ्यावरून खाली ओढले. अठरा संच चार दिवस अंधार वाचत होते. मी कपाळाला हात लावला.

मोठ्या बाईंनी तातडीची सभा घेतली. ठराव असा: संचांना पुस्तकाशी मतलब, मुलांशी नाही. रिकाम्या खोलीत ओळीनं संच मांडायचे, प्रत्येकाखाली पुस्तक, आणि शिपाईदादांनी पानं उलटत फिरायचं. "वाचन झालं म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. शाळेतल्या सगळ्या संचांना पुरुषी आवाजही लावून घेतला, शिस्त राहते म्हणून.

कुणी विचारलं नाही की ऐकणार कोण. मीही नाही विचारलं. वकीलबाईचा एक संच वाचवायचा तर बाकीचे बडबडू देत.

बुधवार, ११

काय लिहू!

आज अर्ध्या दिवसानं घरी आले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून बाईचा आवाज! गोड, ठाशीव, एकेक शब्द तोलून बोलणारा. रंध्याचा आवाज नाही, हातोडीचा नाही. ह्यांचं सगळं लक्ष तिच्याकडे. मी भिंतीला कान लावला. तुटक ऐकू आलं. कुणी तरी नवऱ्याबद्दल गाऱ्हाणं सांगत होती, "सांगून काडीचा उपयोग नाही, हा माणूस हं म्हणतो आणि गप्प बसतो." आणि हे म्हणाले, "पुन्हा."

तिनं पुन्हा सांगितलं!

मी दार उघडलं. खोलीत हे एकटेच, फळीवर फडकं फिरवत. कोपऱ्यात सात नंबर कापडाखाली झाकून ठेवलेला, तेवढी शिस्त बरी म्हणायची. मागची खिडकी उघडी. खिडकी दीड फुटाची आहे. म्हणजे बाई बारीक आहे.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कुठे काय," हे म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. एकोणतीस वर्षांत हा माणूस कधी लाल झाला नव्हता.

शुक्रवार, १३

पुन्हा तेच. पण आज एक धागा हाती लागला. ती बाई मोठ्या बाईंना नावं ठेवत होती, तेही अगदी मार्मिक! कपाळाबद्दल काहीतरी म्हणाली आणि हे खो खो हसले. माझ्या विनोदाला हे असे कधी हसले होते, मला तरी आठवत नाही.

म्हणजे ती आमच्याच शाळेतली. मोठ्या बाईंचा राग असलेल्या शिक्षिकांची यादी केली. सगळ्याच निघाल्या. त्यातल्या दीड फुटाच्या खिडकीतून जाणाऱ्या दोन. शिवणाच्या बाईंवर माझा दाट संशय आहे. त्या दिवशी अभ्रे वाटताना सात नंबरचा अभ्रा त्यांनी मला स्वतः आणून दिला होता.

सोमवार, १६

दोनशे चार तास. शिपाईदादांनी पानं उलटून उलटून अख्खी सातवी पाठ केली. आज ते विज्ञानाच्या वर्गात पाणी ठेवायला गेले आणि सरांना म्हणाले, "सर, अमीबाला तोंड नसतं, तुम्ही आहे म्हणालात." सरांनी लेखी तक्रार केली आहे. मोठ्या बाईंनी ठराव केला की शिपाईदादांनी पानं उलटताना कानात कापूस घालावा.

शनिवार, २१

संच ठेवायला मांडणी हवी म्हणून शाळेनं ह्यांनाच काम दिलं. हे आज मापं घ्यायला आले. ह्यांची मापं म्हणजे फळीवर ह्यांच्या स्वतःच्या खुणा, दोन रेघा, एक फुली, एक मासा. इतरांना काही कळत नाही. सूतभरही चूक होत नाही, हेही खरं.

वकीलबाई तिथेच संचाशी बसली होती. ह्यांनी तिला विचारलं, "पोरी, तुला अक्षरं दिसतात कशी गं?"

"दिसतात चांगली, काका. पण बसत नाहीत. या ओळीतलं उठून त्या ओळीत जाऊन बसतं. बाई वर्गात नसल्या की आमचा वर्ग करतो ना, तसं."

"आणि सगळे वाचत असतात तेव्हा तू काय करतेस?"

"ओठ हलवते."

ह्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाले, "मी खोकायचो." मी म्हटलं, "अहो, मापं घ्या, खोकलाबिकला नंतर." ह्यांच्या छातीचं एकदा दाखवून घ्यायला हवं.

बुधवार, २५

शिवणाच्या बाईंना आडून विचारलं, "दुपारी कुठे असता हो?" त्या म्हणाल्या, "शाळेत, तुमच्याच समोर." पाठांतर केल्यासारखं उत्तर!

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबा? बाबांना दुकानात जाऊन बिस्किटं आणायला सांगितली तर ते पुड्याचा रंग विचारून जातात. ते भानगडी काय करणार?" पोरीला बाप म्हणजे देव. पण ती बाई बोलते अगदी सफाईनं. तिचं ऐकताना मला सारखं वाटतं, हे असंच मीही म्हटलं असतं. तेच जास्त झोंबतं. माझ्यासारखीच बायको हवी होती तर मी काय मेले होते?

रविवार, २९

पाचशे बारा तास भरले! उद्या तपासणी.

आज दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांनी विचारलं, "काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "तुम्हालाच माहीत." डोळे भरून आले होते, पण भाजीचं निमित्त केलं. उद्या तपासणी झाली की त्या बाईचा सोक्षमोक्ष लावणार आहे. तिला समोर उभी करणार आणि विचारणार, की माझ्या नवऱ्यानं माझं एक अक्षर कधी वाचलं नाही आणि तुझं मात्र तासन्‌तास ऐकतो, असं काय आहे गं तुझ्यात?

सोमवार, ३०

जसं झालं तसं लिहिते.

तपासणीच्या बाई आल्या. सर्दी झालेल्या, तरुण, कामाला वाघीण. वकीलबाई संचाशी बसलेली, शिपाईदादा कानात कापूस घालून उभे, आणि हे मांडणीच्या दाराला बिजागऱ्या बसवत होते. मोठ्या बाईंनी पाचशे बारा तासांचा तक्ता पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारून संच आपल्या यंत्राला जोडले.

"या अठरा संचांवर कुणी एकदाही 'पुन्हा' म्हटलेलं नाही," त्या नाक पुसत म्हणाल्या. "एकदाही 'थांब' नाही. ज्याला खरंच ऐकायचं असतं तो मध्येच थांबवतो, मागे जातो. हे तास कुणाचे?"

सगळ्यांनी शिपाईदादांकडे पाहिलं. ते कापसामुळे हसत होते.

"हे रद्द," बाई म्हणाल्या. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या.

"तासांची अट मी सोडते, पण वाचक खरे हवेत. आता उरले दोन. एक या मुलीचा. पण एका वाचकासाठी केंद्र चालवता येत नाही, नियमच आहे. निदान दोन हवेत." मी वकीलबाईकडे पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी संच धरून ठेवला होता. "दुसरा सात नंबर. एकसष्ट तास. चारशे बारा वेळा 'पुन्हा'. हा वाचक कोण?"

"तो बिघडलाय," मी म्हटलं. "तो माझ्या घरी नुसता चार्जिंगला असतो."

"मॅडम," वकीलबाई उठून म्हणाली, "बिघडलेला संच 'पुन्हा' कसा म्हणेल? ते माणूस म्हणतं."

"बरोबर," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "शेवटचं काय वाचलं तेच ऐकू." आणि बटण दाबलं.

आणि ती बाई बोलली! तोच आवाज, गोड, ठाशीव. भर सभेत, मोठ्या बाईंच्या समोर, ती म्हणाली, "आज दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांनी विचारलं, काही चुकलं का माझं." मग भाजीचं निमित्त, मग सोक्षमोक्ष. सगळं, स्वल्पविरामासकट. माझी वही! माझं अक्षर! मी बटण शोधत होते, सापडलं ते चुकीचं, आणि ती दोन तारखेवर गेली. कपाळ आणि भाडेकरू. मोठ्या बाईंनी आपल्या कपाळाला हात लावला, मोजल्यासारखा.

"कुणी वाचलं हे?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

हे बिजागरी हातात धरून उभे राहिले. "तो मी," म्हणाले. "मला वाचता येत नाही. लहानपणापासून नाही. सही येते, तेवढीच गिरवून शिकलो. हिला माहीत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तपासणीत पोरीचं नुकसान नको."

मोठ्या बाईंना तेवढ्यातही सुचलं. "पण ते शाळेचे विद्यार्थी नाहीत!"

"मग दाखल करून घ्या," तपासणीच्या बाई शिंकल्या आणि सही करून गेल्या.

मंगळवार, १

सातवीच्या हजेरीत आज एकेचाळिसावं नाव चढलं. वय वर्षं छप्पन्न. वकीलबाईच्या बाकावर गुडघे मावत नाहीत म्हणून बाक स्वतःच उंच करून घेतला.

ह्यांना मी नावानं कधी हाक मारलेली नाही. हजेरी घेताना चाळिसापर्यंत आले आणि जीभ अडली. नुसतंच "एकेचाळीस" म्हटलं.

"हजर, बाई," हे म्हणाले.

घरी आल्यावर कडाडून भांडले. दुसऱ्याची वही वाचतात का? हे म्हणाले, "आधी पेपर वाचला. मग औषधांच्या बाटल्या. मग म्हटलं, तू एवढं लिहितेस काय." पहिल्या वहीपासून सुरुवात केली होती, मध्येच या वहीतलं दोन तारखेचं, आणि मी बोलेना म्हणून परवा रात्री शेवटचं पान. "मला वाटायचं शाळेचं काही असेल. माझ्याबद्दल लिहितेस हे माहीत असतं तर कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं."

"एकोणतीस वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तू लग्नाआधीच सांगितलं होतंस, न वाचणाऱ्या माणसाची तुला चीड येते. मग सांगायचं राहून गेलं."

शुक्रवार, ४

वकीलबाईनं पहिला पेपर दिला. संच वाचत होता, ती सांगत होती, शिपाईदादा लिहून घेत होते. त्यांना उत्तरं येत असल्यानं त्यांच्या कानात कापूस आणि समोर पहारा, शेवटी तिला ओरडून सांगावं लागलं आणि अख्ख्या वर्गाला उत्तरं कळली. फेरपरीक्षा वर्गाची, तिची नाही. तिनं तसं मोठ्या बाईंना पटवून दिलं.

शनिवार, १२

वकीलबाई पास! भाषेत बहात्तर. बाप ट्रक शाळेच्या फाटकात आडवा लावून आला आणि मला वाकून नमस्कार करायला लागला. मी म्हटलं, त्या काकांना करा. ह्यांना एकाहत्तर. खरं तर त्र्याहत्तर होते, पण पक्षपात नको म्हणून मी दोन कापले. सहावीतले ते सहाजण काल आपणहून केंद्रात येऊन बसले. मोठ्या बाई माझ्याशी बोलत नाहीत, पण फाटकावरचा फलक त्यांनी उतरवायला लावला. तो ह्यांनीच उतरवला.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "आता त्या यंत्रातल्या बाईचं घरात काय काम? मी आहे ना. पेपर काय, वह्या काय, मीच वाचून दाखवेन."

"नको," हे म्हणाले. "तू गाळतेस."

गाळते. रोजचा पेपर वाचताना ह्यांना काय समजणार म्हणून निम्मा गाळते, आणि हे एकोणतीस वर्षं ऐकून घेत आले. आता ह्यांना कळलंय किती ते.

म्हणून आज न गाळता लिहिते. अहो, तुम्ही बिजागरी हातात धरून "तो मी" म्हणालात, तेव्हा मला तुमची लाज नाही वाटली, माझी वाटली. शाळेत चाळीस पोरांना वाचायला शिकवते म्हणून मिरवणारी मी, तुम्ही घरात खोकत होतात ते मला ऐकू आलं नाही. तोंडानं हे सांगायला दोनदा मागच्या खोलीच्या दारापर्यंत आले, पण जमलं नाही. उद्या तिच्याकडून ऐका. हवं तितक्या वेळा 'पुन्हा' म्हणा.